मनगट

संशोधिकेच्या नवऱ्याच्या मनगटावर सिस्टरने बोटं ठेवली, तशी संशोधिका खुर्चीवरून उठून खिडकीशी गेली आणि खाली उभ्या असलेल्या गाड्यांकडे पाहत राहिली.

"मॅडम, स्वतःच्या नवऱ्याचा हात धरायला कुणी तिकीट लावलेलं नाही," सिस्टर हसत म्हणाली.

"सगळं माहीत असून चेष्टा करता?"

हृदयाचे बिघडलेले ठोके ताळ्यावर आणणारं एक जुनं औषध मेंदूची झीजही थोपवतं, हे संशोधिकेनेच प्रथम उंदरांमध्ये पाहिलं होतं. आता माणसांवर चाचणी चालू होती, आणि तिचा नवराही त्या रुग्णांत होता. निम्म्या रुग्णांना औषध, निम्म्यांना हुबेहूब तशीच, पण औषध नसलेली गोळी. कुणाच्या वाट्याला काय आलं, हे शेवटपर्यंत कुणालाही कळता कामा नये. ते औषध नाडी संथ करतं. सिस्टरला त्या मनगटात नुसता आकडा मिळे. संशोधिकेच्या बोटांना मात्र त्या नाडीची चाल लग्नापासून पाठ होती. एकदा बोट टेकलं असतं तर तिला कळलं असतं, आणि कळलं असं तिने सांगितल्यावर त्याचं नाव चाचणीतून गेलं असतं. कामात खोटं बोलणं तिला आजवर जमलं नव्हतं. म्हणून गोळ्या सुरू झाल्यापासून तिने त्याचा हात धरला नव्हता. न कळण्यातच तिची सारी आशा तग धरून होती.

सिस्टर बाहेर गेली. संशोधिका खुर्चीवर परतली, नेहमीसारखी हातभर अंतर राखून.

"तुम्ही नव्या दिसता," तो अदबीने म्हणाला.

"नवी कशी? मी रोज येते."

"असेल, असेल." मग त्याने आवाज खाली आणला. "आमची ही यायची आहे. ती अशी लांब नाही बसत हं. आल्या आल्या हात धरते आणि नाडीच बघते. मी म्हणतो, बाई गं, संसार करतेस की तपासणी?"

तो स्वतःशीच हसला. हसू ओसरल्यावर दाराकडे बघू लागला.

"बरेच दिवस फिरकली नाही. माझंच काहीतरी चुकलं असणार."

संशोधिकेने खुर्ची पुढे ओढली आणि त्याचा हात हातात घेतला. बोटं आपोआप जागेवर गेली. नाडी पूर्वीसारखीच धावत होती, गाडी चुकेल या धास्तीने निघालेल्या माणसासारखी. तिला आवरणारं काहीही त्या रक्तात उतरलेलं नव्हतं.

तो तिच्या चेहऱ्याकडे नव्हे, बोटांकडे पाहत होता.

"आलीस होय," तो म्हणाला. "किती गं वाट बघायला लावायची!"

दार उघडलं. सिस्टर गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन आत आली आणि त्या दोन हातांकडे पाहून जागीच थबकली.

"मॅडम... काही कळलं का?"

त्याने शहाण्या मुलासारखा आ केला होता.

"नाही," हात न सोडता संशोधिका म्हणाली. "द्या त्यांना गोळी."