अंगणातला चढ

"कॅरॅव्हॅनला दोन एक्सल आहेत, चार मोटरींचाच मूव्हर द्या," नवरा पायरीवर बसून दुकानदाराला फोनवर सांगत होता. "रिमोट दाबला की त्या चाकांवरच्या घराचं अख्खं धूड अंगणातला चढ आपोआप चढलं पाहिजे. हातानं ढकलायचं म्हणजे माणसाची कंबर जाते हो!"

त्याच चढावरून सासूबाईंची चाकांची खुर्ची ढकलणाऱ्या शुभदाला शिसारी आली. मोटरवाली खुर्ची घ्या म्हणून ती सहा वर्षं विनवत होती. "आईचं वजन ते किती!" म्हणत यानं दरवेळी उडवून लावलं. आत्ताही ती धापा टाकत पुढ्यात आली, तरी मेल्यानं वाटेतला पाय मागे घेतला नाही.

सासूबाईंनीच लेकाला हाक मारली. "फोन ठेवायच्या आधी विचार, त्या गाडीत माझी खाट मावेल का? हिची कंबर तरी वाचेल."