सुटीचा बास्केट

घड्याळात एकच सेकंद उरला असताना हेमांगीचा फ्री थ्रो रिंगवर फिरून बाहेर पडला. आंतरमहाविद्यालयीन करंडक एका गुणानं हुकला.

पोरगी आता रडणार, म्हणून प्रशिक्षक खांबेटे सर टॉवेल घेऊन उठले. पण तिनं चेंडू उचलला आणि ती पुन्हा त्याच रेषेवर उभी राहिली.

"अगं, मॅच संपली," जिंकलेल्या संघाची कॅप्टन हसली.

"चुकलेल्या चेंडूवर घरी जायचं नाही, असं सरांनी शिकवलंय."

पुढचाही चेंडू हुकला. कॅप्टनचं हसू मावळलं. तिनं धावत जाऊन चेंडू आणला, हेमांगीच्या हाती दिला. "सावकाश टाक गं. करंडक कुठे पळत नाही."

तिसरा चेंडू जाळीतून अलगद उतरला. दोन्ही संघांनी टाळ्या वाजवल्या.

टॉवेल मात्र सरांनाच लागला.