बदलीचा नवस

साडेबारा वाजले तरी भज्यांचा पहिला घाणा परातीत तसाच होता. गिरिजाबाईंनी रस्त्यापलीकडच्या कोर्टाच्या फाटकाकडे पाहिलं, मग टपरीतल्या कॅलेंडरकडे. आजच्या चौकटीत त्यांच्याच हातच्या अठ्ठावीस रेघा होत्या. अठ्ठावीस माणसांची तारीख, म्हणून अठ्ठावीस माणसांचं पिठलं. आले होते तिघं, आणि त्यातला एक नुसता पत्ता विचारायला.

बावीस वर्षं त्यांचा धंदा या रेघांवर चालला होता. दिवाणी कोर्टातून बाहेर पडलेला माणूस पुढची तारीख आधी गिरिजाबाईंना सांगायचा, मग घरी. त्या रेघ ओढायच्या आणि त्या अंदाजानं पीठ भिजवायच्या. बांधाचे, वाटणीचे, भागीदारीचे दावे वर्षानुवर्षं चालायचे आणि दावेवाले पिठलं-भाकरी खाऊन पुन्हा भांडायला ताजेतवाने व्हायचे. एखादा वकील तारीख विसरला, तर टपरीवर येऊन विचारून जायचा.

मग नव्या जज मॅडम आल्या. त्यांची एक वाईट खोड होती. साक्षीदार आलाय का, एवढंच त्या विचारायच्या, आणि आला असेल तर साक्ष त्याच दिवशी उरकायच्या. पुढची तारीख घेऊन दुपारी टपरीवर येणारी माणसं आता संध्याकाळपर्यंत आतच अडकायची. तारीख मागणाऱ्या वकिलाकडे चष्म्यावरून अशा बघायच्या, की तयारी नसलेल्यालाही युक्तिवाद सुचायचा. आठ महिन्यांत निम्मे जुने दावे निकाली निघाले. सगळा तालुका मॅडमचं कौतुक करत होता. गिरिजाबाईंना मात्र ही बाई आपल्या पोटावर पाय द्यायलाच आली असं वाटत होतं.

असंच चाललं, तर टपरी बंद करून कळंबला लेकीकडे जाऊन बसावं लागणार होतं. लेक चांगली होती, जावईही वाईट नव्हता. पण दुसऱ्याच्या घरात चहा विचारून प्यायचा, हे गिरिजाबाईंना सोसणारं नव्हतं. म्हणून मागच्या मंगळवारी त्या तुळजापूरला गेल्या आणि देवीपुढे हात जोडून म्हणाल्या, ‘आई, मॅडमची बदली होऊ दे. चांगल्या ठिकाणी होऊ दे, माझं काय वैर न्हाय त्यांच्याशी. पर होऊ दे. खणानारळानं ओटी भरते.’

‘मावशी, पेढा घ्या.’

अमरनाथशेठ समोर उभे होते. कॅलेंडरवर त्यांची रेघ चौदा वर्षांपासून होती. त्यांनी डाळमिलसाठी जागा घेतली आणि तिच्या वाटेवरून चुलतभाऊ शिवलिंगप्पांनी दावा लावला. मिलची पाटी शेठनी पहिल्याच वर्षी हौसेनं रंगवून घेतली होती. ती टांगायला भिंत काही उभी राहिली नाही. रंग उडाला म्हणून पाटी दोनदा पुन्हा रंगवून झाली होती.

‘निकाल लागला व्हय?’

‘लागला. वाट मोकळी झाली. शिवलिंगप्पा बी म्हणतोय, अपील-बिपील न्हाय, आता बास. त्याची बी जागा चौदा वर्षं अडकूनच पडली होती की.’

गिरिजाबाईंनी पेढा घेतला, पण तो गोड लागेना. ‘म्हंजी तुमी बी चालला.’

‘चाललो कुठं? मिल उभी करतोय. दिवाळीनंतर चाळीस माणसं कामाला लागतील. त्यांचं दोन टायमाचं जेवण तुमच्याकडनं पायजे.’

गिरिजाबाई खाली बसल्या. चाळीस माणसं, तीही रोजची. त्यासाठी मोठी पातेली लागणार, दुसरी शेगडी लागणार, हाताखाली दोन बाया लागणार. हातातल्या पाटल्या मोडाव्या लागणार. आणि एवढं करून शेठचं मन फिरलं तर? तीन वर्षांपूर्वी एक वसतिगृहवाला असाच आला होता, रीतसर करार करू म्हणाला होता. गिरिजाबाईंनी त्याला बाकड्यावर जेवणारे दावेवाले दाखवले होते. ‘हे समदे करार केलेलेच हायती,’ असं म्हणून त्याला वाटेला लावलं होतं.

तो किस्सा शेठना ठाऊक होता. त्या दिवशी बाकड्यावर तेही जेवत होते.

‘तुमचा कागदावर विश्वास न्हाय, म्हाईत हाय मला,’ ते म्हणाले. ‘माझा शब्द घ्या.’

गिरिजाबाई कोर्टाच्या फाटकाकडे बघत राहिल्या. आतून पुकारा ऐकू आला. मग कॅलेंडरकडे, मग हातातल्या पाटल्यांकडे त्यांची नजर गेली.

‘शब्द नको,’ त्या म्हणाल्या. ‘कागद करा. स्टॅम्पावर, तीन वर्षांचा.’

‘आता कसा काय विश्वास बसला कागदावर?’

‘कागदावर न्हाय, मॅडमवर. उद्या तुमी फिरला, तर वरीसभरात निकाल लागंल.’

शेठ हसले, पण जरा जपूनच. समोरच्याच वकिलाकडून तासाभरात कागद झाला. गिरिजाबाईंनी सही केली, कागदाची घडी कमरेच्या पिशवीत खोचली, आणि एकाएकी त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी घाईघाईनं शेगडी बंद केली, परात झाकली आणि टपरीला कुलूप घातलं.

‘आता काय झालं, मावशी?’

‘तुळजापूरची गाडी किती वाजता हाय?’

‘ओटी भरायला निघाला व्हय?’

‘न्हाय वो. मॅडमच्या बदलीचा नवस बोललेय म्या. तो मागं घ्यायचाय.’ गिरिजाबाई पदर खोचून स्टँडकडे चालूही लागल्या होत्या. ‘देवीकडं लई गर्दी असती. माझा अर्ज पुढच्या तारखेला पडला असंल, तर बरं.’