रबराची पट्टी

कंपनीच्या पत्राला त्याने अजून उत्तर दिलं नव्हतं. पत्र ओट्यावर मिठाच्या बरणीखाली होतं, आणि उत्तर पाठवायची आज शेवटची तारीख होती.

बायकोने तिच्या पत्रावर आलं त्याच दिवशी सही केली होती. कारखाना परदेशी हलणार, तर दोघांना एकाच गावी नेतील, अशी तिची समजूत. दोघांचं काम एकाच भिंतीच्या अलीकडे-पलीकडे. तो यंत्रावर रबराचे वॉशर काढायचा आणि प्रत्येक खेपेची एक पट्टी भिंतीतल्या खिडकीतून आत सरकवायचा. आत प्रयोगशाळेत ती पट्टी चिमट्यांत धरून तुटेपर्यंत ताणायची, आणि कुठवर पुरली ते लिहायची. मग त्याचं पत्र आलं. त्यात देश दुसराच होता.

साहेबांनी नकाशावर बोट ठेवून समजावलं होतं. “जिथे हात स्वस्त तिथे यंत्रं, जिथे डोकी तिथे प्रयोगशाळा. कुटुंब मात्र कुठेच नेता येणार नाही.”

“म्हणजे सून डोकं, तू हात,” आई भांडी विसळत म्हणाली. “आणि मी रे?”

“तू पोट.”

“बरं झालं. पोट तरी एका जागी राहील.”



“मी नाहीच म्हणून कळवतो,” तो म्हणाला.

“आणि हे घर?” बायकोने विचारलं. घर कंपनीचं होतं, त्याच्या नावावर मिळालेलं. नोकरी सुटली की रिकामं करायचं. “आईंना आणि पोरीला घेऊन कुठे जाशील?”

“मग तू तुझी सही मागे घे.”

“विचारून आले रे, दोनदा. करार मोडला तर भरपाई मागतात. आपल्याला सगळ्यांना विकलं तरी भरून व्हायची नाही.”

तो बरणीवरून बोट फिरवत राहिला. “पट्ट्या तुझ्याकडे विमानाने येणार म्हणे. दर आठवड्याला.”

“हो.”

“म्हणजे माझी पट्टी येणार. मी नाही.”

“गप्प बस ना जरा.”

आईने नळ बंद केला. “पोरीचं न्हाणंखाणं मी बघेन, शाळेत सोडेन. पण ताप आला की तिने हाक कोणाला मारायची, तेवढं ठरवून जा दोघं.”

त्याने उभ्याउभ्याच सही केली.

टपालपेटी कोपऱ्यावर होती. पोरगी दोघांच्या मधे, दोघांच्या हातांना लोंबकळत चालली होती. पेटी दिसली तसे बायकोचे पाय अडले. तो पुढे गेला. पाकीट फटीकडे नेलं, पण हात पुरेना. दुसऱ्या हातात पोरीचा हात होता, आणि बायको जागची हलत नव्हती.

“चल ना.”

“नाही येत मी.”

त्याने पोरीचा हात सोडला नाही. बायकोनेही सोडला नाही. तो वाकला, अजून थोडा वाकला. पोरीचे दोन्ही हात आडवे ताणले गेले, टाचा उचलल्या गेल्या. बायको तिच्या खांद्याकडे एकटक बघत राहिली.

पोरगी खिदळली. “ओढा अजून! पुरते मी, बघा! दोघांना पुरते!”

पाकीट आत पडलं.