खंडेनवमीची पेटी

शैलजाताई तोफगोळ्यांच्या कारखान्यातून निवृत्त झाल्या, तेव्हा साहेबांनी त्यांना भिंतीवरचा जिवंत नकाशा भेट दिला. त्यांनी हाताने भरलेली गोळ्यांची पेटी जगात जिथे पोचेल, तिथवर त्यावर एक तांबडी रेघ उमटायची. घरात बोलायला दुसरं माणूस नव्हतं, म्हणून त्या रोज नकाशासमोरच जेवायला बसत. पहिल्यांदा अभिमान वाटला. मग लक्षात आलं, रेघ पोचली की महिन्याभरात नकाशावरचा तो देश काळा पडतो.

आज एक रेघ, मकरंद परदेशात ज्या बंदरावर कामाला होता, त्याला टेकली. हातातला घास टाकून त्यांनी मुलाला फोन लावला.

"मकरंद, आत्ताच्या आत्ता घरी निघून ये."

"अगं, इथे सगळं शांत आहे! आणि गंमत ऐक. आज क्रेनने पेट्या उतरवत होतो, तर एकीवर हळदकुंकवाची बोटं!"

कारखान्यात खंडेनवमीला पहिल्या पेटीची पूजा करायचा मान तेवीस वर्षं शैलजाताईंचाच होता.

"चार वर्षं एकट्याने काढली गं इथे," मकरंद म्हणाला. "आज वाटलं, आपलं माणूस सोबतीला आलंय. आता नाही मी इथून हलत."