गावतळं

बस रे इथं माझ्याजवळ, गोष्ट सांगतो. दर शिमग्यानंतर घरटी एक माणूस आमच्या गावतळ्यात उतरायचा, गाळ काढायचा. एका साली ठाण्याचा गोरा साहेब म्हणाला, "आता हे काम सरकार करील." पाटील म्हणून मीच घरोघर सांगत फिरलो, "फावडी ठेवा." लोकांनी ठेवली. मंजुरी आली अकरा वर्षांनी. साहेबही नवा. मला विचारतो, "पाटील, तळं कुठाय?" मी म्हटलं, "साहेब, त्याच्यातच उभे आहात." तळंच नाही तर मंजुरी कशाची, म्हणत कागद घेऊन गेला. आता बाया कोसभर नदीवर पाण्याला जातात, येताना मला शिव्या देतात. खरंच आहे त्यांचं. एकट्यानं खणवत नाही रे आता. जाताना एक पाटी गाळ तेवढा बांधावर टाकून जा.