कानमणी

समोरच्याचं बोलणं आपल्याला मानवेल अशा ढंगात ऐकवणारे कानमणी त्या दिवशी सकाळपासून गावभर बंद पडले होते, आणि अकोल्याच्या अर्पिताला नेमकं त्याच दिवशी सासूशी बोलायचं होतं. एरवी ती तोंडाला येईल ते बोलून मोकळी व्हायची. रत्नागिरीच्या इंदुताईंच्या कानात ते मऊ होऊनच पोचायचं. लग्नाला तीन वर्षं झाली, पण घरात एक भांडण नव्हतं.

आज तिनं स्वतःच मऊ व्हायचं ठरवलं. "आई, उद्या तुम्हाला काही काम नसेल, म्हणजे तसा आग्रह नाही, पण..."

"अगो, सरळ विचार ना! उद्या तुझ्या गाठीची तपासणी आहे. मी येत्येय." इंदुताई भाजी निवडत म्हणाल्या. "माझा मणी गणपतीपासून डब्यात पडलाय. त्यातून तू सदा आनंदीच ऐकू यायचीस. परवा माहेरी फोनवर सांगत होतीस, तेव्हा आवाज कापत होता तुझा."

अर्पिता दचकली. "म्हणजे आमटी पाणचट झाली म्हटलं, तेही...?"

"जसंच्या तसं ऐकलं. दोन दिवस टोमणे मारत होते. तुला कळले नाहीत, तुझा मणी होता ना कानात!"

दोघी हसल्या. मग इंदुताईंनी थेट विचारलं, "भीती वाटते?"

अर्पिताला 'हो' म्हणता येईना. "आज जरा गारठा आहे, नाही?" ती म्हणाली.

बाहेर मे महिना रणरणत होता. इंदुताई उठल्या, आपली शाल घेऊन आल्या आणि दोघींच्या खांद्यांवर पांघरून तिच्याशेजारी बसल्या.